थोरल्याचा दोर

कॉलेजच्या मैदानाला कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप आणि कुलपाची किल्ली थोरल्याच्या कमरेला. कागदावर तो मैदानाचा शिपाई. पोरं त्याला 'मालक' म्हणायची. काही कौतुकानं, बरीचशी खोचकपणे. थोरला दोन्ही मानून घ्यायचा. का नाही घेणार? नऊ वर्षांपूर्वी मैदान हातात आलं तेव्हा त्यावर गवत कमी आणि दगड जास्त होते. एकेक दगड त्यानं स्वतः वेचला. रोलर ओढला, पाणी मारलं. एकदा एक प्राध्यापक चपला फटफटवत मैदानातून आडवे निघाले होते, त्यांना त्यानं लांबून असा आवाज दिला की ते आजतागायत कुंपणाबाहेरून वळसा घालून जातात. सातवी शिकलेला माणूस, पण त्यानं मारलेली पांढऱ्या फक्कीची रेघ बघून इंजिनियरनं मान खाली घालावी. रेघ सरळ असायची हे त्याच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागलं असतं. आणि वैऱ्यांची त्याला कधी कमी पडली नाही.

आखायची रीत ठरलेली होती. मागचा शिपाई जाताना एक सुती दोर ठेवून गेला होता, करंगळीएवढा जाड. त्यावर दोन लाल चिंध्या शिवलेल्या. गोलच्या रेषेला दोराचं टोक धरायचं. पहिली चिंधी आली की पेनल्टीचा ठिपका, दुसरी आली की पेनल्टी बॉक्सची रेघ. बास. दोर घासून तुटला की थोरला गाठ मारायचा आणि पुढे चालू. नवा दोर द्या म्हणून ऑफिसच्या दारात हात जोडून उभा राहणाऱ्यातला तो नव्हता. "ज्याला हात नाहीत त्यानं मागावं," असं तो म्हणायचा, आणि ऑफिसातल्या कारकुनाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा.

या मैदानावरच त्यानं धाकट्याला वाढवलं. बाप गेला तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता. अकराव्या वर्षी थोरल्यानं त्याला गोलमध्ये उभा केला आणि गोलकीपर बनवला. थोरला स्वतः कधी धड फुटबॉल खेळला नव्हता, पण शिकवायला त्याचं काही अडलं नाही.

"गोलकडे वळून बघायचं नाही," तो दरडावायचा. "तू मागे बघितलंस की बॉल आत गेलाच म्हणून समज. समोरचा ठिपका बघ. समोरचा बॉल घेऊन येतोय ना, तर ठिपक्यापासून मागे पाच पावलं आणि तिथे खांब होऊन उभा राहा. किती?"

"पाच."

"मोठ्यानं!"

"पाच, दादा!"

पोरगं तरबेज झालं. कॉलेजच्या संघात पहिल्याच वर्षी घेतलं. खेळाडूच्या जागेवर ॲडमिशन, खेळाडूच्या जागेवर हॉस्टेलची खोली. थोरला लोकांना थांबवून सांगायचा. ऐकणाऱ्याला घाई असली तर बरोबर चालत सांगायचा.

आता भानगड अशी की घरच्या मैदानावर हा संघ वाघ होता. दोन वर्षांत एकच सामना गेला. आणि बाहेर? अकरा सामने झाले, त्यातले नऊ हरले. घरी ज्याच्या हातून चेंडू सुटत नव्हता तो धाकटा बाहेर गेला की लांबून मारलेले चेंडू डोक्यावरून जाऊ द्यायचा. दरवेळी तस्संच: उडी मारायचा, बोटांना चाटून चेंडू आत. बाहेरच्या पोरांनी त्याचं नाव 'घरकोंबडा' पाडलं. पुढचे गडीही तसेच. घरी बॉक्सच्या रेघेवरून मारलेली किक जाळं फाडायची, बाहेर तीच किक गोलकीपरच्या हातात मांजरासारखी येऊन बसायची.

कारणं मात्र सगळ्यांकडे होती. कुणी म्हणालं बसमध्ये पाय आखडतात, म्हणून कोचनं बस दोनदा थांबवून पोरांना रस्त्याच्या कडेला उड्या मारायला लावल्या. येणारे-जाणारे थांबून बघत होते. कुणी म्हणालं झोप होत नाही, म्हणून मोबाईल काढून घेतले. प्राचार्यांना वाटलं मनोबल कमी पडतंय. त्यांनी एका बाईंचं व्याख्यान ठेवलं. डोळे मिटून स्वतःला जिंकताना बघा, म्हणाल्या. पोरांनी डोळे मिटले आणि निम्मी घोरायला लागली.

थोरल्याचं कारण एकच होतं. "लबाडी! त्यांच्या मैदानातच खोट आहे."

कोच नवा होता, त्याच वर्षी आलेला. त्याचं आणि थोरल्याचं पहिल्या दिवसापासून वाकडं. शेवटच्या बाहेरच्या सामन्याआधी दोन दिवस तो थोरल्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. ही खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली. अर्ध्या भागात फक्कीची पोती आणि रोलर, अर्ध्या भागात थोरल्याचा संसार.

"मालक, तुमच्या भावाबद्दल बोलायचंय."

"बोला. उभ्यानंच बोला, बसायला जागा नाही."

"तो घाबरट आहे."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "सर, जीभ जपून. या मैदानावर त्याला घाबरलेला बघितलाय कधी?"

"या मैदानावर नाही. बाहेर. शनिवारी तसला एक जरी गोल डोक्यावरून गेला, तर हाफटाइमला काढतो त्याला. दुसरा गोलकीपर तयार आहे माझा. आणि एकदा काढला की संघातून नाव कमी, हॉस्टेलची खोली खाली. ॲडमिशन कशावर आहे त्याची, तुम्हाला माहीत आहे."

"खोट त्यांच्या मैदानात आहे आणि फाशी माझ्या भावाला?"

"सगळ्याच मैदानांत खोट आहे? नऊच्या नऊ?"

"सगळे एकमेकांना मिळालेले आहेत."

कोच हसला. थोरल्याला शिवी चालली असती, ते हसणं चाललं नाही. "शनिवारी मी येतो," तो म्हणाला. "तुमच्या बसनं नाही, माझ्या पैशानं. दोर घेऊन येतो आणि सगळ्यांसमोर मोजून दाखवतो. मग कोण हसतंय बघू."

शनिवारी सकाळी दोराचं वेटोळं खांद्याला अडकवून तो निघाला. बायको दारातून म्हणाली, "दुसऱ्याच्या गावात दोर घेऊन निघालात. लोक विचारतील, गाय सुटली का?"

"सुटली नाही. पकडायला चाललोय."

तो पोचला तेव्हा संघाची बस यायला दीड तास होता. तिथलं मैदान बघून त्याला मनातून बरं वाटलं नाही, कारण मैदान चांगलं होतं. तिथला शिपाई, टोपी घातलेला म्हातारा, नळी हातात धरून गोलसमोर पाणी मारत होता.

"काय हवंय?" टोपीवाल्यानं विचारलं.

थोरल्यानं आपल्या कॉलेजचं नाव सांगितलं. "मोजायचंय."

"काय?"

"तुमचं पाप."

टोपीवाल्यानं नळी खाली ठेवली, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातानं 'या' अशी खूण केली. थोरल्यानं गोलच्या रेषेला टोक धरलं, दोर ताणत नेला. लाल चिंधी आली. ठिपका चिंधीच्या पुढे होता, चांगलं मोठं एक पाऊल पुढे.

"बघा!" थोरला ओरडला. रिकाम्या पायऱ्यांवरून आवाज परत आला. "हे काय आहे? ठिपका कुठे हवा आणि तुम्ही मारलाय कुठे! वर्षानुवर्षं पोरांना फसवता, लाज नाही वाटत?"

टोपीवाला खोलीत गेला आणि स्टीलचा टेप घेऊन आला. गोलच्या रेषेवर टेपचं टोक ठेवून तो ठिपक्यापर्यंत चालत गेला. "अकरा मीटर. नियमात अकराच लिहिलंय. ये, वाच. आकडे येतात ना?"

"टेप खोटा असेल."

"बरं. तुमच्या गोलच्या दोन खांबांत अंतर किती?"

हे थोरल्याला पाठ होतं. "सात मीटर बत्तीस. कारखान्यानं दांड्यावर छापूनच पाठवलंय."

टोपीवाल्यानं आपल्या गोलचे खांब त्याच टेपनं मोजले. सात मीटर बत्तीस. एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही. मग त्यानं थोरल्याच्या हातातला दोर घेतला, गवतावर सरळ पसरला आणि टोकापासून चिंधीपर्यंत टेप लावला. नऊ मीटर ऐंशी.

टोपीवाला दोरावरून बोटं फिरवत गाठी मोजायला लागला. "एक, दोन, तीन... सात. सात गाठी मारल्यास बाबा. एका गाठीत वीतभर दोर जातो, ते कुणाच्या बापानं भरून द्यायचं?"

आणि मग म्हाताऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. तो हसायला लागला. हसता हसता खोकला, गुडघ्यावर हात टेकून खोकला. "म्हणजे तुमचा घरकोंबडा... अरे देवा! रेघा बघून उभा राहतो काय तो?"

ठिपक्यापासून मागे पाच पावलं. घरचा ठिपका गोलच्या जवळ, म्हणून घरी पोरगं बरोबर जागी उभं राहायचं. बाहेरचा ठिपका सव्वा मीटर पुढे, म्हणून पोरगंही सव्वा मीटर पुढे, आणि चेंडू डोक्यावरून. दर वेळी हरल्यावर आपण त्याला पायऱ्यांसमोर उभा करून शंभर उड्या मारायला लावल्या. उडी कमी पडते म्हणून! चुलतभावांसमोर सुद्धा म्हणालो, हा बाहेर गेला की शेळी होतो.

"मी कुणाला सांगत नाही," टोपीवाला डोळे पुसत म्हणाला. "कशाला सांगू? तुमची पोरं दरवर्षी अशीच येऊ देत. आम्हाला काय, बरंच आहे."

बस आली. पोरं उतरली. धाकट्यानं थोरल्याला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"दादा, तू कशाला आलास?"

थोरल्यानं तोंड उघडलं. सांगायचंच होतं त्याला. दोन वाक्यांचं काम होतं.

"इथे तरी तमाशा करू नकोस," धाकटा दात आवळून म्हणाला. "आधीच कोंबड्यासारखे ओरडतात माझ्यावर. तू भांडायला लागलास की आणखी चेव येतो त्यांना. जा, लांब बस."

आता मोठ्या भावाशी ही बोलायची तऱ्हा? थोरल्याचं नाक वर गेलं. "भांडायला नाही आलो. बघायला आलो, तू काय दिवे लावतोस ते." आणि तो पायऱ्यांवर जाऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसला. मनाला समजावलं, की सामन्याच्या तोंडावर सांगितलं तर पोरगं बिथरेल. हे त्याचं त्यालाही पटलं नाही. पण उठला नाही तो.

सामना सुरू झाला. थोरला सामना बघत नव्हता, धाकट्याची पावलं बघत होता. समोरचा चेंडू घेऊन निघाला की पोरगं ठिपक्याकडे बघायचं आणि मागे. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि खांब होऊन उभं. थोरल्याला ओरडावंसं वाटत होतं, आणखी मागे हो, अरे मागे! पण ओरडला नाही तो. आयुष्यात पहिल्यांदा.

विसाव्या मिनिटाला लांबून किक आली. धाकट्यानं उडी मारली, बोटांना चाटून चेंडू आत. अख्खी गॅलरी कोंबड्यासारखी आरवायला लागली. शेजारचा एक जाडा माणूस थोरल्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "अंड्यावर बसलाय बघा तो!" दुसरा दिवस असता तर थोरल्यानं त्याला पायऱ्यांवरून गडगडत खाली पाठवला असता. आज त्यानं फक्त त्याचा हात बाजूला केला.

हाफटाइम झाला. कोच दुसऱ्या गोलकीपरकडे बघून म्हणाला, "जॅकेट काढ." धाकटा हातमोजे काढायला लागला. मान वर केली नाही त्यानं.

थोरला पायऱ्या उतरून, मैदानाभोवतीची दोरी ओलांडून घोळक्यात घुसला. "सर, त्याला काढू नका."

"बाहेर व्हा, मालक! मला आत्ता तुमची भाषणं नकोत."

"भाषण नाही. माझं मैदान चुकलंय."

"काय?"

"माझ्या मैदानावरचा ठिपका जवळ आहे. सव्वा मीटर. बॉक्सची रेघही तेवढीच आत. दोर तुटत गेला, मी गाठी मारत गेलो, दोर आखूड झाला. हा तिथला ठिपका बघून उभा राहायला शिकला. मी शिकवलं. इथला ठिपका बरोबर आहे, म्हणून हा चुकीच्या जागी उभा राहतो. ह्याची उडी नाही हो कमी पडत."

पुढच्या फळीतला एक पोरगा तोंडावर हात मारून म्हणाला, "म्हणजे मी बॉक्सच्या रेघेवरून मारतो ती किक... च्यायला! म्हणून इथे पोचत नाही!"

"नऊ वर्षं?" कप्तान म्हणाला. "मालक, नऊ वर्षं तुम्ही आम्हाला उल्लू बनवलंत?"

"आणि बसमधून उतरून उड्या आम्ही मारल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

कोचच्या कपाळावरची शीर उडत होती. "तुमच्याशी सोमवारी बोलतो," तो थोरल्याला म्हणाला. मग धाकट्याकडे वळला. "दहा मिनिटं देतो तुला. जमलं तर राहा. नाहीतर हा आत येतोय."

"पाच नाही, सहा पावलं घे," थोरला घाईनं म्हणाला. "सातवं थोडं—"

"तू आकडा सांगू नकोस!" धाकटा एवढ्या जोरात ओरडला की पंचांनी वळून बघितलं. "पुन्हा मला आकडा सांगू नकोस कधी."

तो एकटाच गोलकडे गेला. खांबाला हात लावला, गोलकडे तोंड केलं, नीट बघितलं. मग गोलच्या रेषेपासून पुढे चालत आला, आपल्या मनानं थांबला आणि बुटाच्या टाचेनं गवतात एक चरा मारला. ठिपक्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

हाफटाइमनंतर त्याच्यावर लांबून चार किक आल्या. पहिली त्यानं वरच्या दांड्यावरून ढकलली. दुसरी सरळ छातीवर घेतली. तिसऱ्या वेळी आरवणारी गॅलरी अर्ध्यात गप्प झाली. चौथी त्यानं एका हातानं झेलली आणि चेंडू उशीसारखा काखेत धरून उभा राहिला. तिकडे पुढच्या फळीतलं ते पोरगं रेघ ओलांडून आणखी दोन पावलं आत शिरलं आणि मग मारलं. एक-एक. बरोबरी. बाहेरच्या मैदानावर हरले नाहीत, हेच पोरांना एवढं नवीन होतं की कुणाला नाचायचं सुचलं नाही.

"तुझी जागा राहिली," कोच धाकट्याला म्हणाला. थोरल्यानं ते ऐकलं. छाती फुगली त्याची. तो भावाच्या पाठीवर थाप मारायला पुढे झाला, तेवढ्यात मागून टोपीवाला आला, हातात दोराचं वेटोळं.

"हा घे तुझा खजिना. सकाळी मोजल्यावर गोलमागेच टाकून गेलास."

धाकटा थांबला. "सकाळी?"

"बस यायच्या आधी," टोपीवाला म्हणाला. काय बोललो ते त्याला कळलं, पण बोलून झालं होतं. तो टोपी सारखी करत निघून गेला.

"तुला सकाळी माहीत होतं?" धाकट्यानं विचारलं.

"सांगणारच होतो. तू म्हणालास लांब बस, तमाशा नको—"

"मी बसमधून उतरलो तेव्हा तुला माहीत होतं. तू वर बसून बघत राहिलास. मी पाच पावलं मोजत होतो आणि तू बघत होतास!"

"सगळ्यांसमोर कबूल केलं ना मी? तुझ्यासाठी नाक खाली केलं. या तोंडानं कधी कुणाची माफी मागितलेली ऐकलीस तू?"

"आजही नाही ऐकली," धाकटा म्हणाला. "दोर तुटला म्हणालास. मैदान चुकलं म्हणालास."

धाकटा बसमध्ये चढला आणि खिडकीची काच ओढून घेतली.

सोमवारी कोच टेप घेऊन आला आणि थोरल्याच्या मागे हात बांधून उभा राहिला. थोरल्यानं अख्खं मैदान पुन्हा आखलं. कुंपणाला पोरं लटकली होती. "मालक, बरोबर आहे का हो, की गाठ मारायची?" असं विचारत होती. एरवी त्यानं फक्कीचं घमेलं त्यांच्या अंगावर ओतलं असतं. आज तो टेपवरचे आकडे मोठ्यानं वाचत राहिला. रेघ मात्र सरळच मारली.

धाकटा सरावाला मागच्या फाटकानं यायला लागला. पायऱ्यांखालच्या खोलीत जेवायला यायचा, तो बंद झाला. वहिनीनं निरोप पाठवला तर "सराव आहे" म्हणायचा. तीन आठवडे झाले. थोरला गोलच्या मागून रोलर न्यायचा, तेव्हा धाकटा दुसऱ्या गोलकडे जायचा.

महिनाअखेरीला थोरला फक्की आणायला चुन्याच्या दुकानात गेला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं होती. दुकानदार तोंडाळ माणूस. पोतं तोलता तोलता म्हणाला, "काय मालक, बरोबरी केलीत म्हणे बाहेर. पण तुमच्या भावानं गोल खाल्लाच ना एक? घरकोंबडा तो घरकोंबडाच."

गिऱ्हाईकं हसली. थोरल्याच्या मुठी आवळल्या. एक पाऊल पुढेही टाकलं त्यानं. मग तो काट्याजवळ थांबला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "तो गोल त्यानं नाही खाल्ला. मी खाल्ला. चूक माझी होती. सकाळी मला कळलं होतं आणि मी त्याला सांगितलं नाही."

दुकानदाराला वाटलं गंमत चाललीय. तो दात काढायला लागला.

"हसतोस काय? पुढचे चार त्यानं अडवले, माझ्या मदतीशिवाय. ते पण सांग लोकांना. आणि पुन्हा त्याला कोंबडा म्हणालास तर पोतं तुझ्या टाळक्यात घालीन."

त्यानं पोतं खांद्यावर घेतलं आणि निघाला. दारात एक कॉलेजचं पोरगं उभं होतं, संघातलं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"जा," थोरला त्याच्यावर खेकसला. "जा, सांग त्याला. माझ्या तोंडून ऐकायला तो थांबत नाही."